संगीत, रेकॉर्डिंग आणि ग्राफिक डिझाइन शिकायचंय? विदर्भातल्या गावाकडच्या मुलामुलींचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की हे प्रश्न सुरू होतात. विचारणारे बहुतेक तालुक्याच्या किंवा त्याहून आतल्या गावचे असतात. घरात कुणी कलेच्या कॉलेजात गेलेलं नसतं, पण मुलगा भजनात पेटी वाजवतो, मुलगी वहीच्या मागच्या पानावर अक्षरं रंगवते. त्यांच्यासाठी ही उत्तरं. आमचं मत आधीच सांगतो. या तिन्ही विद्या शिकण्यासारख्या आहेत आणि विदर्भात राहूनही त्यांवर पोट भरता येतं. मात्र पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपासाच: कोर्सला मान्यता कुणाची आहे, आणि स्टुडिओत प्रत्यक्ष हात चालवायला किती तास मिळणार आहेत.

तीन-तीन विषय कशाला? एकच नीट शिकलेला बरा नाही का?

मोठ्या शहरात एकच पुरतो. तिथे माइक लावणारा वेगळा, मिक्सिंगवाला वेगळा, पोस्टर करणारा वेगळा. आपल्याकडे काम तसं वाटून येत नाही. भजन मंडळ येतं आणि म्हणतं, "दादा, आमची पाच भजनं यूट्यूबवर टाकून द्या." त्यात रेकॉर्डिंग आलं, पेटीच्या सुराला धरून कीबोर्डची साथ आली, मिक्सिंग आलं आणि वर मंडळाच्या नावाचं थंबनेलही आलं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतही तीच गत. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की वडशाच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम होळीपर्यंत चालतो. रात्रभराच्या नाटकाला लाइव्ह संगीत लागतं, साउंड लागतो आणि गावागावांत लावायला पोस्टर नि वाटायला हँडबिलं लागतात.

म्हणून एक विषय मुख्य धरा आणि बाकीचे दोन काम निभेल इतके शिका. तिन्ही सारखेच धरले तर तिन्ही अर्धे राहतात.

बारावी कुठल्या शाखेतून करावी?

डिझाइनच्या पदवीला कुठलीही शाखा चालते. संगीतालाही चालते. रेकॉर्डिंगचं मात्र जरा वेगळं आहे. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत, साउंड रेकॉर्डिंग अँड साउंड डिझाइन हा अभ्यासक्रम आहे. त्याला कुठल्याही विषयातली पदवी चालते, पण बारावीला भौतिकशास्त्र असावं लागतं. मुलाला आवाजाच्या कामातच पुढे जायचं असेल तर अकरावीला विज्ञान घेतलेलं फायद्याचं. आर्ट्सला असाल तर रस्ता बंद होत नाही, फक्त हे एक दार बंद होतं. रेकॉर्डिंग शिकवणाऱ्या इतर अनेक ठिकाणी अशी अट नसते.

ग्राफिक डिझाइनसाठी सरकारी कॉलेज आहे का? की मुंबईच गाठावी लागते?

नागपुरात आहे. शासकीय चित्रकला महाविद्यालय म्हणून जुने लोक ज्याला ओळखतात, ते कला संचालनालयाच्या अखत्यारीतलं कॉलेज. तिथे चार वर्षांची बीएफए, म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, ही पदवी मिळते. ग्राफिक डिझाइनला जवळची शाखा म्हणजे उपयोजित कला, बोलताना सगळे अप्लाइडच म्हणतात. जाहिरात, अक्षरकला, पॅकेजिंग, छायाचित्रण, पुस्तकाची मांडणी हे सगळं त्यात येतं. प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी सेलची एमएएच-एएसी-सीईटी ही परीक्षा द्यावी लागते.

दुसरा रस्ता बी.डेस.चा, म्हणजे बॅचलर ऑफ डिझाइन या पदवीचा. आयआयटी मुंबई घेत असलेली यूसीड ही परीक्षा दिली की आयआयटींबरोबरच जबलपूरच्या ट्रिपल आयटीडीएमचाही विचार होतो. नागपूर, गोंदियाकडच्या मुलांना जबलपूर मुंबईपेक्षा जवळ पडतं. एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, परीक्षा वेगळी असते आणि एक एनआयडी भोपाळला आहे. या दोन्ही परीक्षांचे फॉर्म बारावीची परीक्षा व्हायच्या बऱ्याच आधी निघून बंदही होतात. निकालाची वाट पाहत बसलं तर वर्ष हातचं जातं. दरवर्षी गावाकडची चांगली मुलं याच एका कारणाने मागे राहतात, म्हणून दिवाळीच्या आधीपासूनच लक्ष ठेवा.

सीईटीत काय काढायला लावतात? क्लास न लावता तयारी होते का?

वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि कलेच्या अंगाने सामान्य ज्ञान. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली असेल तर यातले निम्मे शब्द ओळखीचे वाटतील. ज्यांची मुलं अजून आठवी-नववीत आहेत त्यांनी या दोन्ही परीक्षा जरूर द्यायला लावाव्यात. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि हात वळतो तो फायदा त्याहून मोठा.

स्मरणचित्राची तयारी क्लासपेक्षा गावात चांगली होते. आठवडी बाजारात अर्धा तास बसा. मिरचीच्या ढिगामागे उकिडवी बसलेली बाई, तराजू उचलताना तिचा दंड कसा वळतो, मागे उभ्या बंडीचं जू कुठे टेकलंय, हे नुसतं बघा. मग घरी येऊन न बघता काढा. चूक कुठे झाली ते दुसऱ्या बाजाराच्या दिवशी जाऊन तपासा. परीक्षेत एसटी स्टँड, जत्रा, पाणवठा असे विषय आले की फोटोवरून चित्रं काढायची सवय झालेली मुलं अडखळतात, कारण माणसाचं वजन कुठल्या पायावर आहे हे फोटोत कळत नाही. वस्तुचित्रासाठी पितळेचा गुंड, सूप आणि अर्धवट दुमडलेलं धोतर पुष्कळ आहे. उजेड एकाच बाजूने येईल अशी जागा शोधा, एवढंच.

समकालीन संगीतात नेमकं काय शिकवतात? मी तर भजनात पेटी वाजवतो.

म्हणजे तुम्ही शून्यापासून सुरुवात करत नाही. आजच्या गाण्याची बांधणी या अभ्यासक्रमात शिकवतात: कॉर्ड, ताल विभागणं, वाद्यमेळ, गाणं लिहिणं आणि बांधणं, बँडमध्ये एकमेकांना ऐकत वाजवणं, कान तयार करणं आणि कॉम्प्युटरवर गाणं उभं करणं.

आपल्या संगीतात एक सूर धरून त्याच्याभोवती चाल फिरते. या संगीतात चालीखाली तीन-चार सूर एकदम उभे राहतात आणि ते बदलत जातात. पेटीवर करून पाहा. सा, शुद्ध ग, प एकत्र दाबा, तो मेजर कॉर्ड. ग कोमल करा, तो मायनर. आता सा, प, ध आणि म या चार सुरांवर ओळीने कॉर्ड उभे करा, त्यातला धैवतावरचा तेवढा मायनर ठेवा. रेडिओवर ऐकलेली कितीतरी गाणी या चार पायऱ्यांवर बसतात.

पट्टीची भाषाही दोन्हीकडची यायला हवी. पेटीवाला म्हणतो पांढरी एक, गिटारवाला म्हणतो सी. काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन म्हणजे डी, पांढरी चार म्हणजे एफ, काळी तीन म्हणजे एफ शार्प, पांढरी पाच म्हणजे जी, काळी पाच म्हणजे ए शार्प. शिवाय जुनी पेटी बऱ्याचदा ४४० हर्ट्झच्या मापाला धरून नसते, थोडी चढी किंवा उतरी असते. कीबोर्ड तिला जोडण्याआधी मोबाइलवरच्या ट्यूनरने पेटीचा ए, म्हणजे पांढरी सहा, तपासा आणि कीबोर्ड तिच्याप्रमाणे सरकवा. पेटी सरकत नाही.

संगीताचं कॉलेज जवळपास कुठे आहे?

नागपूर आणि अमरावती या दोन्ही विद्यापीठांच्या काही कॉलेजांत बीएला संगीत हा विषय घेता येतो. तो शास्त्रीय संगीताचा असतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तर तालुक्याच्या गावीही होतात. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची ही वाट चालायला वर्षं लागतात, पण तिच्यामुळे कानाला जी शिस्त लागते ती पुढे रेकॉर्डिंगच्या खोलीतही कामी येते. विशारदच्या वाटेवर दोन-तीन पायऱ्या चढलेला मुलगा मिक्सिंग करताना बेसूर जागा आमच्या आधी पकडतो, हे आम्ही वारंवार पाहिलं आहे.

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या लोकांना आणखी एक नाव सांगतो, जे इकडे फार कमी घेतलं जातं: छत्तीसगडमधलं खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय. तिथल्या राजघराण्याने आपल्या मुलीच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि १९५६ साली त्यात हे विद्यापीठ उभं राहिलं. गायन, वादन, नृत्य, लोकसंगीत आणि दृश्यकला असं सगळं एकाच आवारात शिकवलं जातं. हावडा लाइनवर डोंगरगड किंवा राजनांदगावला उतरलं की पुढे रस्त्याने जाता येतं. गोंदियाच्या घरातून मुलाला पुण्याला पाठवण्यापेक्षा हे कितीतरी सोयीचं आहे. फक्त राज्य दुसरं असल्यामुळे शिष्यवृत्तीचे नियम आधी विचारून घ्या.

गिटार, ड्रम्स, कीबोर्ड असं पाश्चात्त्य अंगाने शिकायचं असेल तर मोठी नावं चेन्नई-मुंबईकडेच आहेत. ए. आर. रहमान यांनी २००८ साली सुरू केलेलं केएम म्युझिक कंझर्व्हेटरी चेन्नईत आहे. अशा ठिकाणी खर्च मोठा होतो. आधी गावात राहून ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या परीक्षा मंडळांच्या ग्रेड परीक्षा देऊन पाहा. ट्रिनिटीच्या बऱ्याच परीक्षा आता व्हिडिओ पाठवूनही देता येतात. चार-पाच ग्रेड पार केल्यावरही ओढ तेवढीच राहिली तर मग कॉलेजचा विचार करा.

एका खासगी संस्थेने "१०० टक्के जॉब"चं पत्रक दिलंय. फी लाखांत आहे. भरू का?

आजच्या आज भरू नका. वावर गहाण ठेवून तर मुळीच नको.

आधी हे विचारा: पदवी कोणत्या विद्यापीठाची? "आमचं स्वतःचं सर्टिफिकेट" असं उत्तर आलं तर ते कौशल्याचं प्रमाणपत्र असतं. पदवीधरांच्या नोकरीला किंवा पुढच्या पदव्युत्तर प्रवेशाला ते चालत नाही, आणि महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीही मिळत नाही. त्यात लबाडी असतेच असं नाही. काही छोटे कोर्स खरोखर चांगले असतात. पण पदवी समजून फी भरली आणि हाती सर्टिफिकेट आलं, तर ती फसवणूकच वाटते.

मग स्टुडिओ दाखवा म्हणा, आणि तोही तास चालू असताना. एका मिक्सरभोवती तीस मुलं उभी असतील आणि सर एकटेच बटणं फिरवत असतील, तर तुमच्या मुलाचा हात वर्षभरात त्या बटणाला किती वेळा लागेल याचा अंदाज बांधा. रेकॉर्डिंग कानाने आणि बोटाने शिकायचं काम आहे. विद्यार्थ्याला एकट्याने स्टुडिओ बुक करता येतो का, रात्री येतो का, आठवड्याला किती तास, हे लिहून मागा. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी केलेली गाणी ऐकवा म्हणा, पोस्टर दाखवा म्हणा. चांगली संस्था ते आनंदाने दाखवते. शेवटी, मध्येच सोडावं लागलं तर फी परत मिळण्याचा नियम काय, तेही कागदावर घ्या. घरची स्थिती पावसावर असते, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात संकोच नको.

शिष्यवृत्ती मिळते का? कागदपत्रं कोणती?

मान्यताप्राप्त अभ्यासक्रम असेल तर मिळते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसी विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर योजना तिथेच आहेत. खुल्या गटातल्या कमी उत्पन्नाच्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. राहण्याच्या खर्चासाठी अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आणि आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम् योजना आहे. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून झालेला असावा लागतो, मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर हे सगळं सेतूत जून महिन्यात मागायला गेलात तर रांग कुठवर असते हे तुम्हाला माहीतच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरुवात करा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज तर बारावीत असतानाच टाका.

लॅपटॉप कोणता? आणि स्टुडिओचं सामान किती घ्यावं लागेल?

लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम आणि एसएसडी असावी. ८ जीबीवर शिकता येतं, पण मोठं काम अडतं. त्याच्याबरोबर दोन माइक लागतील असा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी), एक डायनॅमिक माइक आणि कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला नको, त्यात आवाज उशिरा पोचतो आणि गाणारा तालात राहत नाही. सॉफ्टवेअरसाठी ऑडॅसिटी फुकट आहे. रीपर ६० दिवस वापरून पाहता येतं आणि त्याचं लायसन्सही इतरांच्या मानाने स्वस्त आहे. मोबाइलच असेल तर बँडलॅबवर सुरुवात करा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकू नका. एखाद्याच्या लग्नाचं रेकॉर्डिंग व्हायरसने खाल्लं तर ते परत करता येत नाही.

घरच्या खोलीत रेकॉर्डिंग होईल का? आमच्याकडे पत्र्याचं छत आहे, उन्हाळ्यात कूलर लागतो आणि लाइट जाते.

होईल. विदर्भाच्या हवेशी आणि विजेशी जुळवून घ्यावं लागतं, एवढंच.

पहिली अडचण खोलीतल्या घुमण्याची. टाळी वाजवा. मागून "टन्न" असा आवाज राहिला तर माइकमध्येही तो येणारच. आपल्याकडे कापूस आहे, त्याचा उपयोग करा. जुन्या कापसाच्या गाद्या गाणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना उभ्या केल्या की मधला आणि वरचा आवाज चांगला शोषला जातो. ढोलकीच्या घुमाऱ्यासारखा खालचा आवाज गादीने थांबत नाही, त्यासाठी कोपऱ्यांत गठड्यांसारखं जाड काही ठेवावं लागतं. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात पैसे घालवू नका, त्याने जवळपास काहीच होत नाही. अशा खोलीत डायनॅमिक माइकच बरा, तो जवळचं ऐकतो. तोंडापासून वीतभर अंतर ठेवा. त्याहून फार जवळ गेलात तर आवाज जड आणि बसका होतो. कंडेन्सर माइक घेतलाच तर त्याला इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण लावावं लागतं, आणि तो शेजारच्या गोठ्यातली घंटाही टिपतो हे ध्यानात ठेवा.

पारा ४५ च्या वर गेला की कूलर बंद करून गाणं कठीण. पण कूलरची घरघर एकदा आवाजात मिसळली की ती सॉफ्टवेअरने काढताना गळाही पातळ होतो. मे महिन्यात रेकॉर्डिंग पहाटे करा आणि पाखरं बोलायच्या आत संपवा, किंवा एका भजनापुरता कूलर बंद, मग चालू, असं तुकड्यांनी करा. पत्र्यावर पाऊस पडत असेल तर थांबण्यावाचून इलाज नाही. तो वेळ मिक्सिंगला द्या.

विजेचं असं. शेतीच्या पंपांना थ्री फेज आली की व्होल्टेज हलतं, म्हणून लॅपटॉपची बॅटरी चांगली ठेवा. हेडफोनमध्ये सतत "हूं" असा खालचा सूर येत असेल तर तो ५० हर्ट्झचा विजेचा सूर आहे. चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवून पाहा. आवाज गेला तर दोष बहुतेक चार्जरमध्ये किंवा घरच्या अर्थिंगमध्ये आहे. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, त्यात जिवाचीही सुरक्षा आहे.

सेटिंग: व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वांत मोठी तान उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिवा लागलेला आवाज फाटतो आणि तो शिवता येत नाही.

खंजेरी भजनासाठी वेगळं सांगतो, कारण गुरुकुंज मोझरीच्या परंपरेतली मंडळं आपल्याकडे गावोगावी आहेत. खंजेरीची थाप आणि झांजांचा झणत्कार फार टोकदार असतो. ती माइकसमोर धरली तर बाकी सगळं झाकून टाकते. मंडळाला अर्धवर्तुळात बसवा, मुख्य गायक पुढे, पेटी त्याच्या डाव्या हाताला, खंजेरीवाला दोन हात मागे आणि खंजेरीचं तोंड माइककडे सरळ न ठेवता थोडं तिरपं. पेटीचा माइक भात्याकडे लावू नका, त्याचा श्वास ऐकू येतो. आधी एक कडवं घ्या, मंडळाला ऐकवा. आपल्याच खंजेरीचा आवाज ऐकून वादक स्वतःच हात हलका करतो, तुम्हाला सांगावं लागत नाही.

कोरलड्रॉ शिकू की फोटोशॉप-इलस्ट्रेटर?

तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे काम करायचं असेल तर कोरलड्रॉ यायलाच हवं. मुंबई-पुण्याला किंवा घरून ऑनलाइन काम करायचं असेल तर इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप. पैसे नसतील तर इंकस्केप आणि गिंप फुकट आहेत, त्यांवर शिकलेलं वाया जात नाही. सॉफ्टवेअर बदलत राहतं. अक्षरांमधली जागा, मजकुराची उतरंड, रिकामी जागा सोडण्याची हिंमत या गोष्टी कॉलेजात शिकायच्या असतात, आणि गावच्या फ्लेक्सवर नेमकी त्यांचीच कमतरता दिसते. तेवीस फोटो, सात रंग आणि सोहळ्याची तारीख सापडत नाही.

मराठी अक्षरांकडे विशेष लक्ष द्या. श्रीलिपी, कृतीदेव यांच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर भलताच दिसतो. शक्य तिथे युनिकोड वापरा. एक टाइप या मुंबईच्या गटाने केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मोफत आहेत. कुठलाही नवा फॉन्ट घेतला की आधी "वऱ्हाडी" आणि "पऱ्हाटी" टाइप करून पाहा. "ऱ्ह" तुटला किंवा ल आणि श हिंदी वळणाचे आले तर तो फॉन्ट मराठी कामाला नको. प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये बदला, पण त्याआधी मजकूर घरच्या वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्या. पत्रिकेत आत्याबाईंचं आडनाव चुकलं की लग्नभर तेच बोललं जातं, आणि कर्व्ह झाल्यावर अक्षर दुरुस्त करता येत नाही. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची जागा, छापील कामाला ३०० डीपीआय, रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे. मोबाइलवर झळकणारा पोपटी रंग कागदावर तसा येत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच छापून दाखवा.

मराठी अक्षरात रस असेल तर र. कृ. जोशी यांचं काम शोधून पाहा. कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं पाहिलेला मंगल हा फॉन्ट त्यांनी रेखाटला.

दुसऱ्याचं गाणं रेकॉर्ड करून टाकलं तर चालतं का? संतांची भजनं तर सगळ्यांचीच आहेत ना?

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षं. तुकारामांचा अभंग तुम्ही स्वतःच्या चालीत गायलात तर कुणाची परवानगी लागत नाही. पण एखाद्या कंपनीच्या कॅसेटमधली चाल आणि साथ उचलली तर लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ चं, म्हणजे कायद्याच्या हिशोबाने त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत जातो. मंडळाने रीतसर विचारून घेतलेलं चांगलं. भीमगीतं लिहिणारे गावोगावचे शाहीर तर हयात आहेत. त्यांचं नाव द्या आणि पैशाचं आधी बोला. आणि तुम्ही स्वतः गाणं केलंत तर "सगळे हक्क कंपनीला" अशा कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा दिला आहे, तो सोडून देऊ नका.

मुलीला पाठवावं का? रात्रीचं काम असतं म्हणतात.

पाठवावं. मालिकांचं डबिंग, जाहिराती, पुस्तकांची मांडणी, ऑडिओबुक यांतलं बरंच काम दिवसाचं आणि बसून करायचं असतं. कॉलेज बघायला आई-वडिलांनी सोबत जावं, वसतिगृह आतून पाहावं, वरच्या वर्गातल्या दोन-तीन मुलींशी एकट्याने बोलू द्यावं. त्या जे सांगतील ते पत्रकात नसतं. रात्रीचा स्टुडिओ कसा चालतो, परत कोण सोडतं, तक्रार समिती आहे का, हे थेट विचारा. काळजी खरी असते, तिची उत्तरंही मिळवता येतात. विचारायच्या आधीच नाही म्हणू नका एवढी विनंती.

डीजेच्या कामाने कान जातात का?

जातात. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो असं धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणून १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. वरातीच्या भिंतीसमोर आवाज त्याहूनही जास्त असतो. काम करायचं असेल तर इअरप्लग घाला. शिट्टीसारखा आवाज कानात दुसऱ्या दिवशीही राहिला तर डॉक्टरकडे जा. या धंद्यात भांडवल कानच आहे.

शेवटी काम मिळतं का? खरं सांगा.

शिकून बाहेर पडताच महिन्याचा ठरलेला पगार हवा असेल तर ग्राफिक डिझाइन मुख्य ठेवा. प्रेस, वर्तमानपत्रं, जाहिरात संस्था, शाळा-कॉलेजं, दवाखाने, शेतमालाचे नवे ब्रँड या सगळ्यांना ते लागतं. रेकॉर्डिंगला काम आहे पण ते हंगामी आहे. झाडीपट्टीचा हंगाम, लग्नसराई, गणपती-दुर्गा, एप्रिलमधली भीमजयंती, ऑक्टोबरमधला धम्मचक्र प्रवर्तन दिन असं वर्ष बांधलेलं असतं. पावसाळ्यात हात रिकामे राहतात, ते महिने डिझाइन आणि शिकवण्यांवर काढावे लागतात. आकाशवाणीची नागपूर, अकोला, चंद्रपूर, यवतमाळ ही केंद्रं आहेत. तिथे कलाकारांच्या स्वरचाचण्या होतात आणि उत्तीर्ण झाल्यास श्रेणी मिळते. त्यावर घर चालत नाही, पण पुढची दारं उघडतात. फक्त गायक किंवा वादक म्हणून जगणं सर्वांत अवघड. मूर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतराव देशपांडे यांनीही कित्येक वर्षं लष्करी हिशोब खात्यात नोकरी करत गाणं केलं.

आता एआय पोस्टर करतं, गाणंही करतं. मग शिकून काय उपयोग?

ढोबळ काम त्याच्याकडे जाणार, हे खरं आहे. पण एआयने केलेल्या पोस्टरवरची जोडाक्षरं नीट पाहा, अजूनही किती वेळा चुकलेली असतात. दंडार या लोकनाट्यातला ठेका, गोंडी गाण्यातला उच्चार, आपल्या भजनातली खेच हे बरोबर की चूक ते सांगायला तिथला कान लागतो. साधन वापरायला शिका, पण चांगलं-वाईट ओळखायला आधी हाताने काम केलेलं असावं लागतं.

दहावीनंतर शिक्षण सुटलं. माझ्यासाठी काही आहे का?

आहे. आयटीआयमध्ये डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, त्याला दहावी पुरते. तुमच्या जिल्ह्यात तो कुठे चालतो ते जवळच्या आयटीआयमध्ये विचारा. साउंडसाठी चांगल्या साउंडवाल्याबरोबर एक हंगाम काढा. वायर गुंडाळण्यापासून सुरुवात होते, आणि वायर नीट गुंडाळणाऱ्यालाच पुढे मिक्सरजवळ उभं करतात. बारावी मुक्त विद्यालयातून पूर्ण करता आली तर करा, बीएफएचा रस्ता पुन्हा खुला होतो.

प्रवेशाला अजून वर्ष आहे. तोवर काय करू?

गावातलं एक भजन मंडळ किंवा दंडारीचा एक संच धरा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, म्हणजे मध्येच फोन आणि खरखर येणार नाही, आणि वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा. दर महिन्याला एक गाणं. त्याचं कव्हर स्वतःच्या हाताने कागदावर काढा, मग कॉम्प्युटरवर करा. गाणाऱ्याचं, वादकाचं नाव, गाव आणि तारीख फाइलच्या नावातच लिहा. मुलाखतीला जाल तेव्हा पहिला महिना आणि बारावा महिना, दोन्ही घेऊन जा. दोन्हींत फरक काय पडला आणि का, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. मुलाखत घेणारे बहुतेक तेच विचारतात.